घोडं कुठं पेंड खात होतं?

१९७५ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या मूळ इंजिनाची ताकद कंपनीनं १६५ हॉर्सपॉवर अशी जाहीर केली होती. पाच वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, याच गाडीतल्या याच ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरच्या व्ही-एट इंजिनापुढे ३०० हा आकडा छापला जात होता. गाडीचं लांबलचक बोनेट तेच, फुगीर मडगार्डं तीच, इंजिनाचं आकारमानही तसूभर कमी झालेलं नाही, आणि कागदावर मात्र जवळजवळ निम्मी ताकद नाहीशी. फोर्ड मस्टँगची गत याहून वाईट होती. १९७१ पर्यंत ३३० हॉर्सपॉवरचं बॉस ३५१ हे मॉडेल मिरवणाऱ्या या गाडीचा १९७४ मध्ये ‘मस्टँग टू’ असा नवा अवतार आला, तेव्हा अमेरिकेत तिला व्ही-एट इंजिनच मिळत नव्हतं.

असं का झालं, याचं एक ठरीव उत्तर जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे तयार असतं. अरबांनी तेल अडवलं, सरकारनं प्रदूषणाचे कायदे आणले आणि चांगल्या गाड्यांचा बळी गेला. उत्तर सुटसुटीत आहे, म्हणून ते टिकलं. पण तारखा त्याला साथ देत नाहीत. तेलाची नाकेबंदी सुरू झाली ऑक्टोबर १९७३ मध्ये. कॉर्व्हेटचं १९७३ चं मॉडेल त्याच्या वर्षभर आधी बाजारात आलं होतं आणि त्यातल्या मूळ इंजिनाचा आकडा १९० वर उतरलेला होता. नाकेबंदीच्या मोसमात विकल्या गेलेल्या १९७४ च्या मॉडेलात उलट पाच हॉर्सपॉवर वाढलेच होते. तेव्हा तेलाच्या नावानं भुई धोपटण्यात अर्थ नाही. कायद्यांचं म्हणणं अधिक खरं आहे, पण तेही अर्धंच. पुढच्या प्रकरणांत एकेका गाडीची हकिकत सविस्तर येईल. त्याआधी हे घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं, याचा एकदा धड हिशोब मांडायला हवा, कारण तो सहसा कुणी मांडत नाही.

पहिली गोष्ट मोजमापाची. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर जाहीर करत. इंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या स्टँडवर. एअर फिल्टर काढलेला, ऑल्टरनेटरचा भार नाही, सायलेन्सरच्या जागी मोकळे पाइप आणि टायमिंग सर्वांत जास्त ताकद मिळेल तिथे लावून घेतलेलं. या अवस्थेत इंजिन जे काही देईल ते जाहिरातीत. फेसासकट दूध मापण्याचाच हा प्रकार होता. १९७२ च्या मॉडेलांपासून ‘नेट’ पद्धत आली. पंप, पंखा, फिल्टर, सायलेन्सर, सगळं जागच्या जागी बसवून, म्हणजे इंजिन गाडीत असतं तसं ठेवून मोजायचं. मधल्या १९७१ या एका वर्षी जनरल मोटर्सनं दोन्ही आकडे दिले, आणि त्या वर्षाची कागदपत्रं या विषयाच्या अभ्यासकाला सोन्यासारखी आहेत. कॉर्व्हेटचं मूळ इंजिन ग्रॉस २७०, नेट २१०. एकच इंजिन, एकच वर्ष, एकच कंपनी. साठ हॉर्सपॉवर निव्वळ मोजपट्टी बदलल्यानं गेले. ते त्या गाडीत कधी नव्हतेच.

आता बेरीज-वजाबाकी करू. १९७० चे ३०० ग्रॉस १९७१ मध्ये २७० झाले. ही खरी घट. त्याच २७० चे नेट २१०. ही कागदी घट. पुढे १९७२ मध्ये २०० आणि १९७५ मध्ये १६५. ही पुन्हा खरी घट. १९७१ चंच प्रमाण लावलं तर १९७० च्या गाडीची नेट ताकद २३३ च्या आसपास भरते. म्हणजे घसरण ३०० वरून १६५ वर झालेली नाही, २३३ वरून १६५ वर झाली आहे. पंचेचाळीस टक्क्यांची बोंब, पण प्रत्यक्षात घट तीस टक्क्यांच्या आत. तीस टक्केही थोडे नव्हेत. पण ज्या काळाला मोटारींचं अंधारयुग म्हणून हिणवलं जातं, त्यातला बराच अंधार छापखान्यातला आहे.

शिवाय जुने आकडे फुगवलेले होते तसे काही मुद्दाम दाबलेलेही होते. १९६७ च्या कॉर्व्हेटमधलं एल-८८ इंजिन कंपनीनं ४३० हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं. ते पाचशेच्या वर जात असे, हे जाणकार तेव्हाही ओळखून होते. रस्त्यावर शान दाखवणाऱ्या हौशी गिऱ्हाइकानं ते घेऊ नये, शर्यतवाल्यांनीच घ्यावं, अशी त्यामागची चलाखी. विमा कंपन्या हॉर्सपॉवरचा आकडा पाहून हप्ता लावू लागल्यावर तो दाबण्यात इतरांनाही रस निर्माण झाला. थोडक्यात, १९७२ पूर्वीचा कुठलाही आकडा हा मोजमाप कमी आणि जाहिरात जास्त.

खऱ्या घटीकडे वळायचं तर आधी शिशाकडे जावं लागतं. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जितकं दाबलं जाईल तितकं त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. पण फार दाबलं की न पेटलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपलं आपण भडकतं, इंजिन नॉक करू लागतं आणि अखेरीस पिस्टन फुटतो. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्याच संशोधन विभागात टॉमस मिजली यांना यावर उपाय सापडला: पेट्रोलात टेट्राएथिल लेड मिसळायचं. चिमूटभर शिसं आणि नॉकिंग बंद. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं कॉम्प्रेशन चढत गेलं. १९७० च्या कॉर्व्हेटमध्ये मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ ला १ होतं, एलटी-१ नावाच्या तिखट इंजिनाचं तर ११ ला १. त्या ३७० हॉर्सपॉवरच्या एलटी-१ वर आजही लोक जीव टाकतात, आणि ते इंजिन उत्तम होतंच. पण त्याचा जोर काही अंशी शिशाच्या बळावर आणलेलं उसनं अवसान होतं, हेही तितकंच खरं.

हे अवसान काढून घेणारा माणूस मोटारींचा शत्रू नव्हता. एड कोल १९७० मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष होते. १९५५ साली शेव्हरोलेचं जे छोटेखानी व्ही-एट इंजिन आलं, ज्याच्या वंशात हे ३५० घनइंची इंजिन जन्मलं, ते त्यांच्याच देखरेखीखाली घडलं होतं. कोल यांनी ठरवलं की १९७१ पासून कंपनीची सगळी इंजिनं ९१ ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालली पाहिजेत. कारण उघड होतं. येऊ घातलेल्या कायद्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय तोंड देता येणार नाही हे त्यांना दिसत होतं, आणि कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की तो डबा निकामी होतो. म्हणून कन्व्हर्टर १९७५ मध्ये आला तरी कॉम्प्रेशन चार वर्षं आधी उतरलं: मूळ इंजिनाचं ८.५ वर, एलटी-१ चं ९ वर.

पण सगळं पाप कॉम्प्रेशनच्या माथी मारता येत नाही. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रानं १०.२५ वरून ८.५ वर आल्यास जेमतेम पाच टक्क्यांचा फटका बसतो. जाहीर आकड्यांत तो दहा टक्के दिसला. तो धरला तरी १९७१ चे २१० नेट १९७५ मध्ये १६५ का झाले, हे उरतंच, कारण त्या चार वर्षांत कॉम्प्रेशन ८.५ वरच होतं.

त्याचं उत्तर बोनेट उघडल्यावर मिळतं. त्या वर्षांतलं अमेरिकी इंजिन पाहिलं तर रबरी नळ्यांच्या जंजाळात मूळ यंत्र शोधावं लागतं. पट्ट्यावर फिरणारा एक हवेचा पंप एक्झॉस्टच्या तोंडाशी ताजी हवा फुंकतो, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथे तरी जळावं. तो पंप फिरवायला ताकद इंजिनाचीच. १९७३ पासून ईजीआरचा व्हॉल्व्ह आला. तो जळालेला धूर थोडा थोडा परत सिलिंडरमध्ये सोडतो, ज्वलनाचं तापमान उतरवतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करतो. जितकी जागा धुरानं व्यापली तितकी ताज्या मिश्रणाला कमी. सगळ्यांत मोठी करामत टायमिंगची. ठिणगी एरवी पिस्टन वर पोचण्याच्या काही अंश आधी पडते, म्हणजे जाळ पूर्ण भरात येईपर्यंत पिस्टन नेमका खाली निघालेला असतो. ती ठिणगी उशिरा पाडली की ज्वलन लांबतं, एक्झॉस्टमध्ये गरम वायू जातात आणि हायड्रोकार्बन वाटेत जळून जातात. हवा स्वच्छ होते, पण ज्या उष्णतेनं पिस्टन ढकलायचा ती सायलेन्सरवाटे बाहेर. भरीला मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. परिणाम गाडी चालवणाऱ्याला पावलोपावली जाणवे: ऍक्सिलरेटर दाबला की क्षणभर गाडी गुदमरायची, मग उचलायची, आणि चावी काढल्यावरही तापलेलं इंजिन काही सेकंद धडधडत राहायचं. ताकदीचा आकडा एकवेळ लोकांनी सोसला असता. या गुदमरण्यानं त्या गाड्यांची खरी बदनामी केली.

हे सगळं कार्बोरेटरच्या जिवावर चाललं होतं. कार्बोरेटरला डोळे नसतात. एक्झॉस्टमध्ये काय जातंय हे त्याला कळत नाही, थंडी-उकाडा, चढ-उतार यांचा अंदाज तो ढोबळच घेतो. स्वच्छ धूर आणि जोर दोन्ही हवं असेल तर मिश्रण क्षणोक्षणी तोलावं लागतं, आणि ते तोलणारी यंत्रणा स्वस्त मोटारीत बसेल इतकी तयार नव्हती.

१९७५ मध्ये कन्व्हर्टर बसला. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटखाली वाकून पाहिलं तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी आलेले दोन पाइप मध्येच एकत्र होतात, प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या एका चपट्या डब्यात शिरतात आणि पलीकडे पुन्हा दोन होऊन दोन सायलेन्सरांकडे जातात. मागून पाहणाऱ्याला रुबाब जुनाच दिसावा म्हणून केलेली ही तजवीज. प्रत्यक्षात आठ सिलिंडरांचा श्वास एकाच नरड्यातून जात होता. कॉर्व्हेटला शर्यतीची गाडी बनवणारे अभियंते झोरा आर्कस-डंटॉव याच सुमारास निवृत्त झाले. ४५४ घनइंची मोठं इंजिन आदल्या वर्षीच बंद झालं होतं. तरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे: १९७६ मध्ये, तोच डबा तसाच ठेवून, मूळ इंजिन १८० वर आलं. स्वच्छतेचं ओझं डब्यानं उचलल्यावर इंजिनाला थोडा मोकळा श्वास घेता येऊ लागला. ज्या कन्व्हर्टरला शिव्या बसतात तो या कथेतला खलनायक नाही, सुटकेची पहिली खूण आहे.

कायदे कुठून आले, हे सांगितल्याशिवाय हा हिशोब एकांगी राहील. लॉस एंजलिसमध्ये १९४३ च्या उन्हाळ्यात एके दिवशी असा धुरकट पडदा पसरला की युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना विषारी वायूच्या हल्ल्याची शंका आली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की मोटारींचा धूर आणि कॅलिफोर्नियाचं ऊन यांच्या संयोगातून हे धुरकं तयार होतं. मोटार कंपन्यांनी वर्षानुवर्षं ही गोष्ट मानायला खळखळ केली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं चार बड्या मोटार कंपन्यांवर खटला भरला. प्रदूषण रोखणारी साधनं आणण्यात त्यांनी संगनमतानं दिरंगाई केल्याचा आरोप होता. प्रकरण त्याच वर्षी तडजोडीनं मिटवण्यात आलं. पुढच्या वर्षी सिनेटर एडमंड मस्की यांचं विधेयक सिनेटमध्ये ७३ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालं आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड पाच वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, असा त्यात हुकूम. तो पाळायचा कसा हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि ते त्यांना ठाऊक आहे असा त्यांचा दावाही नव्हता. मुदती पुढे वाढवाव्या लागल्या. माझं मत असं की साठच्या दशकात जी प्रयोगशाळेतली मेहनत व्हायला हवी होती ती झाली नाही, आणि तिची भरपाई सत्तरच्या दशकातल्या गिऱ्हाइकानं केली.

मेहनत केली असती तर काय झालं असतं, याचं उदाहरण जपाननं दिलं. होंडानं सीव्हीसीसी नावाचं इंजिन काढलं. त्यात ठिणगीजवळ एक चिमुकला कक्ष, तिथे दाट मिश्रण आधी पेटतं आणि मुख्य सिलिंडरमधलं विरळ मिश्रण पेटवतं. १९७५ ची सिव्हिक कन्व्हर्टरशिवाय कायद्यात बसली. ही किमया फक्त लहान इंजिनांना जमते असं म्हणणाऱ्यांसाठी होंडानं शेव्हरोलेचीच एक इम्पाला विकत घेतली, तिच्या व्ही-एटवर आपली रचना बसवली आणि तीही अमेरिकी चाचणीतून पार करून दाखवली. अर्थात सीव्हीसीसीनं हवा स्वच्छ ठेवली, स्पोर्ट्स कार घडवली नाही. खुद्द जपानातही निसाननं स्कायलाइन जीटी-आरची दुसरी पिढी १९७३ च्या आरंभीच, १९७ गाड्यांवर थांबवली.

सर्वांत करुण कहाणी इंग्लंडच्या छोट्या कंपन्यांची. त्यांची निम्मी चूल अमेरिकी गिऱ्हाइकावर पेटत होती आणि संशोधनाला पैसा नव्हता. ट्रायम्फ टीआर-६ मायदेशी पेट्रोल इंजेक्शनसह १५० हॉर्सपॉवरची. अमेरिकेत तीच गाडी दोन स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटरांवर शंभराच्या थोडी वर. जॅग्वार ई-टाइपचे तीन एसयू कार्बोरेटर जाऊन दोन स्ट्रॉम्बर्ग आले. एमजी-बी मोटारीचे तर हालच झाले. दोन एसयू काढून एकच स्ट्रॉम्बर्ग बसवला गेला आणि नव्वदीतली ताकद साठीच्या आसपास उतरली. शिवाय टक्कर सोसणाऱ्या बंपरांचा नियम आला, तेव्हा क्रोमचे नाजूक बंपर जाऊन काळ्या रबराचे जाड जबडे लागले. बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून नवी रचना करण्याऐवजी अख्खी गाडीच स्प्रिंगांवर उचलून धरली. जमिनीलगत धावणारी चपळ गाडी वळणावर कलू लागली. एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पोर्शेकडे पैसा आणि अक्कल दोन्ही होतं, तरी अमेरिकेसाठीच्या ९११ ला त्यांनी थर्मल रिऍक्टर लावले आणि त्या उष्णतेनं इंजिनाचे स्टड उपटून येऊ लागले. आज १९७५ ते ७७ ची अमेरिकी ९११ घेणारा पहिला प्रश्न स्टडबद्दलच विचारतो.

तेल, ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणि इंधनबचतीचा १९७५ चा कायदा यांचा परिणाम झाला, पण तो नंतर, मुख्यतः गाड्यांच्या आकारावर. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एकच तपशील नोंदवतो. १९८० च्या कॉर्व्हेटचा स्पीडोमीटर नियमानुसार ८५ मैलांवर, म्हणजे ताशी १३७ किलोमीटरवर संपतो, आणि त्या वर्षी कॅलिफोर्नियात ती फक्त ३०५ घनइंची इंजिनावर, १८० हॉर्सपॉवरसह, ऑटोमॅटिक गिअरमध्येच मिळत होती.

गंमत म्हणजे गिऱ्हाइकानं पाठ फिरवली नाही. जोर भरात असताना, १९६९ मध्ये, ३८,७६२ कॉर्व्हेट तयार झाल्या. १९७९ मध्ये ५३,८०७. तो विक्रम नंतरच्या जोरदार कॉर्व्हेटनाही मोडता आलेला नाही. स्पोर्ट्स कार घेणारा हॉर्सपॉवर विकत घेतो, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

घोडे परत आले ते कायदे सैल झाल्यानं नव्हे, ते तर कडकच होत गेले. १९७७ च्या मॉडेलांत व्होल्वोनं कॅलिफोर्नियात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि तिन्ही प्रदूषकांवर काम करणारा कन्व्हर्टर आणला. कार्बोरेटरकडे जी नजर नव्हती ती ही. मग संगणक आणि इंजेक्शन आलं. कॉर्व्हेट १९८५ मध्ये २३०, १९९० च्या झेडआर-१ मध्ये ३७५. २०२० चं मूळ मॉडेल ४९०, तेही नेट, तेही कन्व्हर्टरसकट.

आणि शिसं? अमेरिकेत १९७६ ते १९८० या चार वर्षांत लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं. पेट्रोलमधल्या शिशाचा वापर उतरत गेला, त्याच्या पाठोपाठ. मुंबईत बिनशिशाचं पेट्रोल आणि नव्या गाड्यांना कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून आले, आणि २००० च्या सुरुवातीला देशभरातलं शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या कन्व्हर्टरच्या मागची यंत्रविद्या अमेरिकेतल्या त्या बदनाम दशकात घासूनपुसून तयार झाली होती. या सौद्यात कॉर्व्हेटनं सत्तरएक हॉर्सपॉवर गमावले असतील, तर ते स्वस्तात गेले असं मी म्हणेन.

वाचकांना एक विनंती. पुढच्या पानांत हॉर्सपॉवरचा आकडा दिसला की आधी साल पाहा. गाडी अमेरिकी आणि साल १९७१ किंवा त्याआधीचं असेल तर आकडा ग्रॉस समजा आणि ढोबळमानानं पाव हिस्सा वजा करा. १९७१ ला दोन आकडे असतील तर धाकटा घ्या. युरोपातले डीआयएन या जर्मन पद्धतीचे आकडे नेटच्या जवळचे असतात, पण अमेरिकेसाठी छापलेल्या युरोपी जाहिरातींत पुष्कळदा ग्रॉसच असतात. जॅग्वार ई-टाइपचे २६५ त्यातलेच. एवढं पथ्य पाळलं तर पुढचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचता येतील.